हर्षदाच्या सुपारीला तुमी दिलेला शब्द

त्या दिवशी आपल्या ओटीवर कोन कोन व्हतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं कोनी बोलायला नको का म्हातारी वाढवून सांगते. आपला पोरगा गुरुनाथ व्हता. सून सुवर्णा दारात उभी, पदर खोचलेला. नात हर्षदा, जिच्या लगनाची सुपारी व्हती ती, आत बायांच्या मधी हिरवं पातळ नेसून बसलेली. तुमचा धाकटा भाऊ बाळाराम व्हता, नवीन टोपी घालून. वडपे गावाकडनं पोराचा बाप काशिनाथशेठ, पोराची आय, पोरगा सुमित आन त्यांची गाववाली मानसं. मधी चटईवर आपले नथूबाबा, सुपारी फोडायला. बाकी आपल्या आळीतल्या सगळ्या बाया व्हत्या. एकीचं नाव घेतलं आन दुसरीचं राह्यलं तर नळावर भांडन व्हईल, म्हनून सगळ्या बोलते. आन खुर्चीवर तुमी. इस्त्रीचा सदरा, त्याची बटनं मी लावलेली. तुमच्या खुर्चीच्या मागं मी.

तुमचं तेरावं झालं. हर्षदा सासरहून आली हाय, ती लिवते, मी सांगते. मी दुसरीपर्यंत गेलेली, सही येते, त्याच्यापुढं हात अडखळतो. पोरीला सांगितलंय, जसं बोलते तसं लिव, शाळेतलं करू नको. तुमी कंदी जन्मलात, किती शिकलात, पोरं किती, ते सगळं फोटोखाली लिवलेलं हाय. मला तुमच्याशी बोलायचंय. शेवटच्या सालांत मीच बोलायची आन तुमी ऐकायचात, तसंच समजा.

पन पयले तसं नव्हतं. पयले तुमीच बोलायचात. आपल्या दिघाशी गावात कोनाचं लगीन जमवायचं तर बोलनी करायला तुमाला न्यायचे. पोराकडचे ताठ बसले तर तुमी त्यांना असं काय हसवायचात का चहा येईस्तोवर ते व्याही झालेले असायचे. घरी येऊन परत सगळं मला सांगायचात, कोन काय बोललं, कोनाचं तोंड कसं झालं, आवाज काढून. मी बोलायची, अवो, तिथं बोललात तेवढं पुरे, इथं तरी गप बसा. तुमी बोलायचात, "गप बसायला लूमवर जातो न मी."

नारपोलीला लूमवर, कपड्याच्या मागावर, गप बसत व्हतात तेही खोटंच. तिथं खटाखट खटाखट इतका आवाज का बाजूच्या मानसाला सांगायचं तरी ओरडायला लागायचं. धागा तुटला, कपडा खराब व्हायला लागला का तुमी बाजूच्या कारागिराला ओरडायचात, "अरे बंद कर! बंद कर!" मी त्याच गल्लीत कांडी भरायला यायची, धागा नळीवर गुंडाळायचं काम. चार लूम एकदम चालत असले तरी तुमचा "बंद कर" मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. मला वाटायचं, ह्या मानसाचं लगीन कोनाशी व्हईल तिचे कान जानार.

तर भात कापनीला आलेलं तवाची गोष्ट. सकाळी तुमी तोंड धुवायला पडवीत गेलात, तांब्या पडल्याचा आवाज आला. मी आतनं बोलली, हळू, पोचा पडंल. तुमी काय बोलला न्हाय. तुमी आन उत्तर देत न्हाय, म्हंजे कायतरी झालंय, हे मला तवाच कळलं. बाहेर आली तर तुमी जमिनीवर बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात दुसऱ्या कोनाचा असल्यासारखा पडलेला. तुमी मला कायतरी सांगत व्हतात, डोळे मोठे करून सांगत व्हतात, पन निघत व्हतं ते नुसतं "बंद कर. बंद कर."

लकवा. गुरुनाथनं गोडाऊनचा टेम्पो आनला, त्यात गादी टाकून तुमाला नेलं. तो ड्युटी सांभाळून दवाखान्यात बसला, भात मी आन सुवर्णानं कापलं. सगळ्यांच्या घरात कंदी ना कंदी येतं, आमच्याकडं आलं. रडायला टाइम नव्हता, भात पिकलेलं व्हतं.

घरी आलात ते काठी धरून. पाय थोडा आला, हात न्हाय आला. आन सगळ्या बोलन्यातनं तुमच्याकडं एकच राह्यलं, "बंद कर." चहा दिला, बंद कर. झोप लागली का, बंद कर. सुवर्णानं बोंबलाचं कालवन केलं, तुमी पयला घास घेऊन बोललात "बंद कर" आन ती बिचारी चुलीपाशी जाऊन रडाय लागली. मी बोलली, बाय, ताट बघ. ताट तुमी बोटानं पुसून खाल्लेलं. तवा तिला कळलं का हा "बंद कर" वेगळा. मंग घरात सगळे शिकले. लांब ओढलेला म्हंजे बरं वाटलं. तुटक म्हंजे नको. हळू दोनदा म्हंजे मला बोलावताय. गनपतीत आरतीला सगळे जोरात सुरू झाले आन तुमी मागनं ओरडलात, "बंद कर!" भटजींचं ताट हातात तसंच राह्यलं. हर्षदा इतकी हसली का तिला बाहेर घालवली. तुमी बी हसत व्हतात. देव बी हसला असंल, त्याला सगळ्यांचं सगळं कळतं असं बोलतात.

मानसं मला इचारतात, जाताना काय बोलले? मी सांगते, देवाचं नाव घेतलं. मानसांना बरं वाटतं. तुमाला आन मला म्हाईत हाय काय बोललात. दुपारची वेळ, दवाखान्यातला पंखा कुरकुर करत व्हता आन मी तुमच्या उशाशी बसून सुवर्णाच्या माहेरचं कायतरी सांगत व्हती. तुमी डोळे उघडलेत आन बोललात, "बंद कर." मी उठून पंखा बंद केला. तुमी परत बोललात, "बंद कर," आन गालात हसलात. तवा कळलं का पंख्याला न्हाय, मला बोलताय. मी गप बसले. थोड्या वेळानं तुमी गेलात. ही काय रडायची गोष्ट हाय? मला तर आठवून हसूच येतं.

पन हसू मागनं आलं. पयले पयले मानसांनी जाम त्रास दिला, सगळे प्रेमानंच. बाळाराम भावजी यायचे आन तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, "दादूस! जेवलास का? जे-व-लास?" अवो, कान शाबूत व्हते तुमचे. दुसरे कोन यायचे ते तुमच्यासमोर बसून मला इचारायचे, "त्यांना समजतं का काय?" तुमी त्यांच्याकडं बघताय, ते माझ्याकडं बघतायत. शेजारीन बोलली, डोकं गेलं गो, आता लहान पोरासारखं सांभाळ. कोनी बोललं, बाहेरचं हाय, भगताकडं न्या. नेलं. भगतानं नारळ घेतला, कोंबडा घेतला, वाचा काय दिली न्हाय.

मंग आपली आशाताई, घरोघर पोलिओ द्यायला येते ती, बोलली का सरकारी दवाखान्यात बोलायचं शिकवनारी मॅडम बसते. मी बोलली, शिकवायला ते काय बालवाडीतलं पोर हाय? ह्या मानसानं अर्ध्या तालुक्याची लग्नं बोलून जमवली. ती बोलली, आजी, एकदा जाऊन तर बघा.

गेलो. मॅडम हर्षदाच्या वयाची पोरगी. तिनं चित्रं दाखवली. कप. "हे काय, आजोबा?" "बंद कर." चावी. "बंद कर." फणी. तुमी फणी बघून डोक्यावरनं हात फिरवलात, म्हंजे वळखलंत, पन तोंडातनं परत "बंद कर", आन तुमाला सोताचाच राग आला. डाव्या हातानं टेबलावर मूठ मारलीत. मला वाटलं पोरगी घाबरंल. ती घाबरली न्हाय, हसली बी न्हाय. मला बोलली, "आजी, यांचं डोकं गेलेलं नाही. यांना सगळं समजतंय. शब्द पण आत आहेत. आतून तोंडापर्यंत यायचा रस्ता खराब झालाय. तो दुरुस्त करायला वेळ लागेल, आणि सगळा होईलच असं मी सांगत नाही." ह्या दुखन्याला मोठं नाव सांगितलं तिनं, माझ्या तोंडात बसत न्हाय. पन त्या दिवशी पयल्यांदा कोनी तुमच्या तोंडाकडं बघून तुमच्याशी बोललं. तुमी पाठ सरळ करून बसलात.

मंग ती मला बोलली, "आजी, आजोबांचं नाव सांगा बरं मोठ्यानं. पहिलं अक्षर तुम्ही द्या, पुढचं ते बोलतील."

मी खाली फरशी बघाय लागले.

"आजी, नाव सांगा ना."

मी पदर तोंडावर घेतला. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेते काय? लगीन झाल्यापासून कंदी घेतलं न्हाय. रेशनच्या दुकानात सुद्धा गुरुनाथला पुढं करायची.

मॅडम माझ्याकडं बघाय लागली. "आजी, तुम्हाला पण बोलायला त्रास होतो का? तुमचा पण केसपेपर काढू?"

तुमी हसलात! तोंड वाकडं, लाळ गळतेय, आन पोट धरून हसलात. लकव्यानंतर पयल्यांदा. मला इतका राग आला तुमचा, आन इतकं बरं वाटलं.

गुरुनाथनं मॅडमला समजावलं. पोरगी हुशार. ती बोलली, "मग लग्नात उखाणा घेतला असेल ना? तो घ्या."

आता उखान्यात घेतलेलं चालतं. पन इतक्या वर्सांनी, सरकारी दवाखान्यात, बाहेर लायनीत मानसं बसलेली! मी तुमच्याकडं बघितलं. तुमी भुवई उडवलीत, घे ना, असं. मंग मी घेतला, आपल्या लगनातला.

"डोईवर भारा, लांब राह्यला गाव,
उन्हातान्हात संगतीला…"

आन अडकले. लाजेनं अडकले, दुसरं काय न्हाय. तोंडाशी आलेलं नाव, जीभ उचलंना. मॅडम काय बोलली न्हाय, गुरुनाथ काय बोलला न्हाय. आन तुमी बोललात. "गनपतराव."

सोताचं नाव. साफ. राव लावून! (हे नाव सगळीकडं हर्षदा सोताच लिवते, मी अजून बोलत न्हाय.)

मॅडमनं टाळ्या वाजवल्या. गुरुनाथ भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला. आन तुमी असे बघत व्हतात जसं हे कोन बोललं. मॅडम बोलली, चालीत बांधलेलं, लहानपनापासून पाठ झालेलं बोलनं कंदी कंदी दुसऱ्या रस्त्यानं बाहेर येतं. "आजी, घरी असंच करायचं. तुम्ही वाक्य सुरू करा आणि शेवटचा शब्द सोडून द्या. आणि थांबा. कितीही वेळ लागला तरी तुम्ही बोलायचं नाही. बघा, हेच सगळ्यात अवघड आहे."

बरोबर बोलली. भारे वाहिले, कांड्या भरल्या, गुडघे गेले, त्याचं मला काय वाटलं न्हाय. पन तुमी शब्द शोधताय, कपाळावर शीर उठलीय, शब्द मला म्हाईत हाय आन मी द्यायचा न्हाय, हे काम मला झेपत नव्हतं. मी सुकट निवडत ओटीवर बसायची, तुमी खुर्चीत. "चहात टाकली…" मी सुकट निवडतेय. निवडून झाली, परत उलटी करून निवडतेय. मंग तुमी, "साखर." कंदी साखरेच्या जागी "मीठ" यायचं, कंदी "बंद कर." पन यायचं. सुवर्णा आतनं चिडवायची, "आई, दिवसभर उखाने चाललेत, नवीन लगीन झालंय काय?" मी बोलायची, व्हय, हळद आन.

आन आपलं भांडन. ते तर मिटलंच न्हाय. पयले कोनी कोनाला बघितलं? तुमी जन्मभर सगळ्यांना सांगितलंत का मी लूमच्या दारात पानी मागायला आले आन तुमी मला बघितलंत. खोटं. मी तुमाला बघितलं, तुमी नारपोलीच्या गटारात सायकलीसकट पडलात तवा. चिखलानं भरलेले, आन तरी उठून सायकलला शिव्या देत व्हतात. तुमची वाचा गेली आन मला पयल्यांदा मोकळं रान मिळालं. मी मॅडमला सायकलचं सांगितलं. तुमी टेबल ठोकून "बंद कर! बंद कर!" मॅडम खूश, बोलली, बघा, स्वतःहून कसे बोलतायत, रोज सांगा ही गोष्ट. मंग काय, मॅडमनीच सांगितलं म्हनून मी रोज सांगायची. पान्यावर, बाजारात, मयताला सुद्धा सांगितली. तुमी मागनं "बंद कर" ओरडत यायचात. एकदा तुमी जाम जोर लावून बोललात, "पा… पानी." मला कळलं, पानी मागायला आलीस, असं सांगताय. मी बोलली, तहान लागली काय? तुमी काठी उगारलीत. मी अजून मान्य करत न्हाय. गटारच.

असे दिवस चाललेले आन हर्षदाचं जमलं. सुमित वडप्याला गोडाऊनमधी कामाला, ती तिथंच कॉम्प्युटरवर. दोघांनी ठरवलेलं, घरांनी हो बोललेलं, राह्यली सुपारी. आता आमच्यात सुपारी फोडायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यानं तोंडानं बोलायचं असतं, पोर दिली. नुसती मान हलवून चालत न्हाय. तुमी दुसऱ्यांच्या घरी जाऊन किती आज्यांना, किती आजोबांना ते बोलायला लावलंत. आन आपल्या घरात गुरुनाथ मला चुलीपाशी बोलला, "आई, बाबांना त्या दिवशी आत बसवू. वडप्याची मोठी मानसं. बाबा त्यांच्यासमोर ‘बंद कर’ बोलले तर? काका बोलतील."

गुरुनाथ वाईट न्हाय. त्याला भीती वाटली, पोरीचं व्हईल का काय म्हनून. तुमी पडवीत व्हतात, सगळं ऐकलंत. काय बोललात न्हाय, "बंद कर" पन न्हाय. काठी घेतलीत, आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसलात. जेवायला हाक मारली तरी वळला न्हाय.

हर्षदा बोलली, "आजोबा बोलल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. साफ सांगते." गुरुनाथ ओरडला, "तुला लगीन करायचंय का न्हाय?" ती बोलली, "करायचंय. पण मला आजोबांनी द्यायची. काकाआजोबा मला कोण लागतात, शेतात बकरी घुसली का भांडायला येणारे!" (हे लिवताना ती आता बोलते, आजी, हे काढ. मी बोलली, लिव. भावजी वाचायला बसनार न्हाय.)

मंग मी आन तुमी तयारीला लागलो. "हर्षदा वडप्याला…" मी थांबायची. "दिली." कंदी लगेच यायचं, कंदी यायचंच न्हाय. पन यायचं तवा तुमी सोताच परत परत बोलायचात, "दिली, दिली," नवीन घुंगरू मिळालेल्या बैलासारखे.

आन तो दिवस आला. पोहे झाले, चहा झाला. नथूबाबांनी सुपारी हातात घेतली. "गनपतदादा, वडप्याच्या काशिनाथशेठनी आपल्या पोरासाठी तुमची पोर मागितली. दिली का?"

तुमी तोंड उघडलंत. मी मागनं तुमची मान बघतेय. आन निघालं, लूमवरचं, चार लूम चालत असताना ओरडायचात त्या आवाजात. "बंद कर!"

काशिनाथशेठच्या हातातला कप तसाच. त्यांच्यातला एक मानूस बोलला, "अहो, हे काय बोलणं? पोर द्यायची नव्हती तर आम्हाला बोलावलं कशाला?" पोराच्या आयनं पदर सावरला, उठायच्या तयारीत. गुरुनाथ हात जोडून पुढं, "शेठ, तसं न्हाय, बाबांना बरं नसतं, त्यांना समजत न्हाय. काका, काका तुमी बोला." भावजींनी टोपी सारखी केली, घसा खाकरला.

तुमी खुर्चीचा हात पकडलात. उठून आत जायला.

मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आन दाबून बसवलं. पंचात बाई बोलत न्हाय आमच्यात, मी तर कंदीच न्हाय. पन बोलली. "भावजी, थांबा. गुरुनाथ, तू बी. त्यांना समजतं. कोनी बोलायचं न्हाय."

नथूबाबा बोलले, "काय गो वहिनी, काय झालं?"

"मला उखाना घ्यायचाय."

आतनं बाया फुटल्या. "आजीचीच सुपारी फोडा पयली!" कोन बोललं ते मला म्हाईत हाय, पन आज सोडून देते. वडप्याची मानसं एकमेकांकडं बघतायत. मी पदर डोक्यावर घेतला आन घेतला उखाना, जसा सुचला तसा.

"ओटीवर बसले सोयरे, गोळा झाला गाव,
नातीचा शब्द द्यायला बसलेत…"

आन थांबले.

अवो, किती वेळ गेला ते मला सांगता येनार न्हाय. बाहेर हायवेकडं जानारा कंटेनर गेला, त्याचा आवाज येऊन गेला. कोंबडी ओटीवर चढली, कोनी हाकलली न्हाय. वडप्याचा एक मानूस मदत करायला हळूच बोलाय लागला, "गन…" मी असं बघितलं त्याच्याकडं का तो पुढचं गिळून बसला. नथूबाबांचं तोंड उघडलं, मी हात दाखवला. गुरुनाथच्या डोळ्याला पानी, तो ओठ चावून उभा. तुमचा डावा हात गुडघ्यावर ठोका देतोय. मला मागनं तुमचं तोंड दिसत न्हाय. मी नुसता ठोका बघतेय.

"ग," तुमी बोललात. "गन… गनपतराव."

बाया ओरडल्या. पन नथूबाबा खरा जानता मानूस, त्यांनी वेळ घालवली न्हाय, लगेच बोलले, "गनपतराव, पोर दिली?"

"दिली," तुमी बोललात. मंग कोनी न इचारता, सुमितकडं बघून, "दिली." मंग काशिनाथशेठकडं बघून, "दिली!"

सुपारी फुटली. हर्षदा आतनं धावत आली, पोरीनं ओटीवर यायचं नसतं तरी आली, आन तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं. काशिनाथशेठ उठले, तुमच्या पाया पडले. एवढा मोठा मानूस. बोलले, "दादा, माफ करा. आम्ही उगाच गैरसमज केला, आम्हाला कळायला हवं होतं, आम्ही…"

तुमी त्यांच्या पाठीवर हात ठेवलात आन बोललात, "बंद कर."

ते पयले हसले. मंग सगळी ओटी. पोराची आय इतकी हसली का तिला पानी द्यायला लागलं.

मानसांना वाटलं, आता गनपतदादा बोलाय लागनार. तसं काय झालं न्हाय. दुसऱ्या दिवशी साखरेला परत मीठ बोललात. शेवटपर्यंत तुमचे मोजकेच शब्द, आन त्यातले बी रुसून बसनारे. मॅडमला सुपारीचं सांगितलं, तर ती बोलली, आजोबा, आता लग्नाची तयारी करू. केली बी. लगनात तुमी हर्षदाला "नीट ऱ्हा" बोललात, दोन शब्द एकदम. ती सासरी जाऊन बसली तरी त्या दोन शब्दांनी रडायची.

एक मी तुमाला सांगितलं न्हाय. खुर्चीच्या मागं उभी असताना मी तुमची खुर्ची घट्ट धरून ठेवलेली, सोताला आधार म्हनून. तुमी बोलला नसतात तर मी काय केलं असतं ते मलाच ठाऊक न्हाय. तुमाला वाटलं असंल, ही किती खंबीर. म्हनून बोललात काय? तसं असंल तर बरं झालं तुमाला मागं बघता येत नव्हतं.

आन एक. तुमी बोलत व्हतात तवा सगळ्या गावाशी बोलायचात, मी भाकऱ्या थापताना उरलेलं ऐकायची. वाचा गेल्यावर तुमी माझ्या तोंडाकडं बघून बसायला लागलात, शब्द कुठं सापडतो का म्हनून. इतकं तुमी मला नवरी असताना बी बघितलं न्हाय. लकवा वाईटच. कोनाला येऊ नये. पन आपले ते दिवस वाईट नव्हते. मी जाम हसले त्या दिवसांत. तुमी बी. मला तुमची आठवन येते ती हसतानाची येते, मी काय करू?

आता हे जो कोन वाचंल त्याला माझं एक सांगनं हाय. तुमच्या घरात, शेजारात कोन असा असंल, लकव्यानं नायतर दुसऱ्या कसल्या दुखन्यानं ज्याचं बोलनं गेलंय, तर त्याला येडा समजू नका, कानात ओरडू नका. बोलायचं शिकवनारी मानसं मोठ्या सरकारी दवाखान्यात असतात, तिथं न्या, लवकर न्या. आन त्याला काय इचारलंत तर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघू नका, त्याचं उत्तर तुमी देऊ नका. त्याच्यासमोर बसा. चहा थंड झाला तर होऊ द्या. तो बोलंस्तोवर उठू नका.